मुळावर कोण उठले आहे?

मराठीत 'मूळ' या शब्दाइतका मानाचा शब्द शोधून सापडायचा नाही. झाडाचे मूळ, नदीचे मूळ, ग्रंथाचे मूळ. माणूस पोटापाण्यासाठी कितीही दूर गेला तरी 'तुमचे मूळ गाव कोणते?' हा प्रश्न त्याची पाठ सोडत नाही. पूर्वी सासरी नांदणाऱ्या लेकीला सणासुदीला माहेरी आणायला घरचे माणूस जात असे. त्यालाही 'मूळ' म्हणत. दिवाळीचे मूळ आले की सासुरवाशिणीचा शीण निम्मा उतरे. असा हा आधाराचा शब्द. परंतु हाच शब्द एखाद्या मुलीच्या जन्मपत्रिकेत 'जन्मनक्षत्र' या रकान्यापुढे लिहिलेला आढळला, की घरातल्या वडीलधाऱ्यांचे चेहरे उतरतात. मुलगी मूळ नक्षत्रावर जन्मली! आता हिचे लग्न जमणे कठीण.

कारण काय, तर मूळ नक्षत्राची सून सासऱ्याच्या जिवावर येते असा समज आहे. हा समज एकटाच नाही, त्याला भावंडे आहेत. आश्लेषाची सून सासूला वाईट, ज्येष्ठाची थोरल्या दिराला आणि विशाखाची धाकट्या दिराला. पाहा, सासरचे एकेक माणूस कसे नेमके वाटून दिले आहे! मुलगा मूळ नक्षत्राचा असला तर त्याच्या सासऱ्याला काय होते, याची चौकशी मात्र लग्न ठरवताना कोणी करीत नाही. तमिळनाडूतील एका प्रसिद्ध म्हणीचा आशय तर असा, की मूळ नक्षत्राचा मुलगा राज्य करील आणि मूळ नक्षत्राची मुलगी निर्मूळ करील. नक्षत्र एक, चंद्र एक, आणि फळ मात्र जन्मलेल्या जिवाच्या लिंगावर ठरणार.

माझ्या वसतिगृहातील एका मैत्रिणीचे स्थळ गेल्या वर्षी याच कारणाने फिरले. पाहण्याचा कार्यक्रम झाला होता, दोन्ही घरे खूश होती, मुलाने स्वतः होकार कळवला होता. पत्रिका गुरुजींकडे गेली आणि चार दिवसांनी निरोप आला, "मुलगी छान आहे हो, पण आमच्या अण्णांना रक्तदाबाचा त्रास आहे. उगाच जिवाला घोर नको." तिच्या आत्याने मग फार व्यवहारी सल्ला दिला, "सासरा नसलेलेच स्थळ बघू या." मूळ नक्षत्राच्या मुलीला हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. म्हणजे ज्या घरात वडिलांचे छत्र आधीच हरपले आहे, त्या घरच्या दुःखाला आपण 'सोयीचे स्थळ' म्हणायचे! मैत्रीण हसली आणि तो विषय तिने संपवला. परंतु एकवीस वर्षांच्या मुलीला आपण कोणाच्या तरी मरणाचे कारण आहोत असे ऐकवले जाते, तेव्हा ते हसण्याने संपत नाही. म्हणूनच या नक्षत्राचे मूळ काय, याचा शोध घ्यावासा वाटला. त्या शोधातून माझे जे मत बनले, ते येथे मांडत आहे.

प्रथम आकाशातच पाहू. मे महिन्याच्या अखेरीस रात्री दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले, तर विंचवाची आकृती स्पष्ट दिसते. डोक्याकडच्या तारका म्हणजे अनुराधा, मधला लालसर तेजस्वी तारा ज्येष्ठा, आणि शेपटीचा आकडा वळून टोकाला जी नांगी उगारलेली दिसते ते मूळ. नांगीच्या टोकाशी दोन तारे अगदी जवळ जवळ आहेत. या दोन ताऱ्यांचा उल्लेख पुढे येणारच आहे, म्हणून ते लक्षात ठेवावेत. पुढच्या काळातील ज्योतिषांनी मुळाच्या ११ तारका मोजल्या आणि त्यांना सिंहाच्या शेपटीचा आकार दिला. चंद्राच्या मार्गाचे २७ सारखे भाग केले, की प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा होतो. त्यांतला १९ वा भाग मूळ. चंद्र सुमारे २७ दिवसांत फेरी पुरी करतो, म्हणजे एका नक्षत्रात साधारण एक दिवस राहतो. वर्षातून १३ वेळा तरी मूळ नक्षत्राचा दिवस उजाडतो.

आता वेदांकडे वळू. अथर्ववेदात या नक्षत्राला 'विचृतौ' असे द्विवचनी नाव आहे. नांगीच्या टोकाचे ते दोन तारे ते हेच, असे अभ्यासक मानतात. विचृत् म्हणजे गाठ सोडवणारा, बंध मोकळा करणारा. अथर्ववेदाच्या दुसऱ्या कांडातील ८ व्या सूक्तात या दोन ताऱ्यांच्या उदयाचे स्वागत आहे. आईबापांकडून मुलांकडे येणाऱ्या 'क्षेत्रिय' नावाच्या रोगाचा पाश त्यांनी सोडवावा, अशी तेथे प्रार्थना आहे. म्हणजे आपल्या सर्वांत जुन्या वाङ्मयात हे नक्षत्र बंधन तोडणारे आहे, रोग्याला मोकळे करणारे आहे. तैत्तिरीय संहितेतल्या नक्षत्रांच्या यादीतही 'विचृतौ' हेच नाव येते आणि तेथे त्याची देवता पितर सांगितली आहे. पितर म्हणजे कुळाचे मूळच की!

मग भीती आली कोठून? तीही जुनीच आहे, हे मान्य केले पाहिजे. तैत्तिरीय ब्राह्मणात या नक्षत्राचे नाव 'मूलबर्हणी' असे येते, म्हणजे मुळासकट उपटणारी. तेथे त्याची देवता निर्ऋती आहे. ऋत म्हणजे विश्वाची सुसूत्र चाल. ती जेथे मोडते तेथे निर्ऋती. क्षय, दैन्य, ऱ्हास, विघटन यांची ही देवता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 'निर्ऋती दूर जावो' अशी विनवणी आहे. वैदिक लोक तिला भीत होते यात शंका नाही. पण त्यांनी या भीतीचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. अग्निचयनाच्या विधीत निर्ऋतीसाठी काळ्या विटा ठेवीत. नैर्ऋत्य दिशेला जाऊन त्या ठेवायच्या आणि मागे वळून न पाहता परत यायचे. ऱ्हास आहे हे कबूल करायचे, त्याला त्याची जागा द्यायची आणि आपल्या कामाला लागायचे, असा त्याचा भाव मला दिसतो. शतपथ ब्राह्मण तर पृथ्वीलाच एके ठिकाणी निर्ऋती म्हणते. मुळे धरून ठेवणारी तीच आणि सारे काही कुजवून पोटात घेणारीही तीच. त्या कुजण्यातूनच पुढचे बी उगवते, हे शेतकऱ्याच्या पोराला कोणी शिकवायला नको. आपण ज्या दिशेला नैर्ऋत्य म्हणतो ती या निर्ऋतीचीच दिशा, आणि महाराष्ट्राचा पाऊस येतो तो त्याच दिशेने!

अथर्ववेदाच्या सहाव्या कांडातील ११० वे सूक्त या विषयात सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्येष्ठघ्नी आणि विचृत् या नक्षत्रांवर जन्मलेल्या बाळासाठी ते आहे. यमाच्या मूळ उपटण्यापासून या बाळाचे रक्षण कर, याला शंभर वर्षांचे आयुष्य दे, अशी तेथे अग्नीला प्रार्थना आहे. बाळाला वीर म्हटले आहे. मोठा होताना त्याच्याकडून आईबापांना इजा होऊ नये, असेही एक मागणे आहे. म्हणजे आईबापांविषयीची शंका तेथेही डोकावते. परंतु सूक्ताचा रोख स्वच्छ आहे. संकट बाळावर आहे, आणि आईबाप त्याला पोटाशी धरून देवाकडे त्याच्यासाठी आयुष्य मागत आहेत. बाळाला टाकून द्या असे तेथे कोणी म्हणत नाही. सासरा तर त्या सूक्तात औषधालाही सापडत नाही.

माझा मुद्दा येथेच आहे. ज्या प्रार्थनेत लेकराचे रक्षण मागितले होते, तिच्या वंशजांनी लेकरापासूनच रक्षण मागायला सुरुवात केली. संरक्षणाचा विधी होता, त्याचे आरोपपत्र झाले.

हे कसे घडले असावे, याचा थोडा माग काढता येतो. राशी १२ आणि नक्षत्रे २७. वर्तुळाच्या तीनच बिंदूंवर रास आणि नक्षत्र ही दोन्ही एकदम संपतात: आश्लेषा आणि मघा यांच्यामध्ये, ज्येष्ठा आणि मूळ यांच्यामध्ये, रेवती आणि अश्विनी यांच्यामध्ये. या सांध्यांना गंडांत म्हणतात. गंड म्हणजे गाठ, पेर. उंबरठा, तिन्हीसांज, तिठा अशा सांध्याच्या जागांविषयी माणसाला सर्वत्र धास्ती वाटत आली आहे. त्यातलाच हा प्रकार. प्रथम भीती सांध्याच्या काही घटकांपुरती असावी, मग ती सबंध नक्षत्रावर पसरली. मग चरणांचा हिशेब आला: मुळाचा पहिला चरण पित्याला, दुसरा मातेला, तिसरा धनाला वाईट आणि चौथा शुभ. काशीचा राम दैवज्ञ याने शके १५२२, म्हणजे इ. स. १६०० मध्ये 'मुहूर्तचिंतामणी' लिहिला. त्या काळापर्यंत सासरा, सासू आणि दीर ही यादीही शास्त्रात पक्की बसली होती. वैदिक सूक्तात जिचा मागमूस नाही, ती सून आता मुख्य आरोपी झाली.

त्याच शास्त्राचा याहून जुना आचार्य वराहमिहिर. तो सहाव्या शतकातला. 'बृहज्जातका'त त्याने प्रत्येक नक्षत्रावर जन्मलेल्याचा स्वभाव सांगितला आहे. मूळ नक्षत्राचा माणूस त्याच्या मते मानी, धनवान, सुखी, स्थिर वृत्तीचा आणि हिंसा न करणारा असतो! फलज्योतिषावर माझा विश्वास नाही, म्हणून वराहमिहिराची ही प्रशस्तीही मी खरी मानत नाही. पण जे विश्वास ठेवतात त्यांना एवढेच विचारावेसे वाटते, की ज्याला तुम्ही थोर आचार्य मानता त्याने 'अहिंसक' ठरवलेली मुलगी तुमच्या दारात आल्यावर घातकी कशी होते?

या भीतीने काय घडू शकते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण संत तुलसीदासांचे. ज्येष्ठा संपून मूळ लागतानाचा जो काळ, त्याला अभुक्तमूळ म्हणतात. तुलसीदास त्या काळात जन्मले आणि म्हणून आईबापांनी त्यांना टाकले, असे परंपरा सांगते. नक्षत्राची कथा परंपरेची म्हणून बाजूला ठेवली, तरी जन्मतःच आईबापांनी आपल्याला टाकले ही वेदना स्वतः तुलसीदासांनी 'कवितावली'त बोलून दाखवली आहे. ज्या मुलाला घराने अशुभ मानले त्याने उत्तर भारताच्या घराघरांत राम पोहोचवला. पण सर्वच टाकलेली मुले तुलसीदास होत नाहीत, आणि कोणा मुलीला स्वतःचे निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी महाकाव्य लिहावे लागू नये.

आता थोडे गणित करू. ते कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही जमेल इतके सोपे आहे. चंद्र सर्व नक्षत्रांतून सारखाच फिरतो, म्हणून दर २७ माणसांत सरासरीने एक माणूस मूळ नक्षत्राचे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांच्या वर होती; त्यांत सुमारे ४१ लाख माणसे मूळ नक्षत्राची असणार. आश्लेषा, ज्येष्ठा आणि विशाखा धरल्या तर २७ पैकी ४ नक्षत्रे झाली, म्हणजे दर सात मुलींपैकी एक मुलगी सासरच्या कोणाच्या तरी जिवावर आलेली! शिवाय सासरा सुनेपेक्षा साधारण एका पिढीने मोठा असतो. सर्व २७ नक्षत्रांच्या सुनांना बहुधा आपल्या सासऱ्याचे मरण पाहावेच लागते. मृत्यू स्वातीच्या सुनेच्या घरी आला तर आपण म्हणतो, 'वय झाले होते'. मुळाच्या सुनेच्या घरी आला तर म्हणतो, 'तरी सांगत होतो'.

याहून गमतीची गोष्ट पंचांगाची आहे. मूळ नक्षत्र नेमके कोठे सुरू होते याविषयी महाराष्ट्रातलीच पंचांगे एकमत नाहीत. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी रेवतीच्या योगतारेपासून आरंभ धरून शुद्ध गणिताचे पंचांग सुरू केले. लोकमान्य टिळकांनी त्या पक्षाचा पुरस्कार केला, आणि आजचे टिळक पंचांग त्याच वाटेने जाते. बहुतेक इतर पंचांगे चित्रा ताऱ्याच्या समोरचा बिंदू आरंभ म्हणून धरतात. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीनेही चित्रापक्षच स्वीकारला. या दोन आरंभांत सुमारे ४ अंशांचे अंतर आहे. याच मतभेदामुळे काही वर्षी अधिक महिना वेगळा पडतो आणि टिळक पंचांग मानणाऱ्या घरांतला गणपती इतरांच्या महिनाभर आधी बसतो. चंद्राला ४ अंश चालायला सात तास लागतात. नक्षत्र १३ अंशांचे, फरक ४ अंशांचा. म्हणजे एका पंचांगाने मूळ नक्षत्राच्या ठरवलेल्या दर १० मुलींपैकी सुमारे ३ मुली दुसऱ्या पंचांगाने पूर्वाषाढाच्या ठरतात, आणि तितक्याच ज्येष्ठाच्या मुली मूळ नक्षत्राच्या होतात. ज्या मुलीमुळे एका पंचांगाप्रमाणे सासऱ्याला धोका, तिच्याचमुळे दुसऱ्या पंचांगाप्रमाणे थोरल्या दिराला! अण्णांचा रक्तदाब कोणते पंचांग पाहून चढावा?

हे सर्व बाजूला ठेवले, तरी आपल्या घरातल्या सणांनी तरी आपल्याला विचार करायला लावायला हवा होता. भाद्रपदात गौरी येतात त्या अनुराधा नक्षत्रावर, जेवतात ज्येष्ठा नक्षत्रावर आणि मूळ नक्षत्रावर त्यांची पाठवणी होते. घरची लेक पाठवावी तशी दहीभात देऊन, डोळ्यांत पाणी आणून आपण ती करतो. आश्विनात नवरात्रात सरस्वतीचे आवाहन करायचे ते मूळ नक्षत्रावर, पूजन पूर्वाषाढावर आणि विसर्जन श्रवणावर. विद्येची देवता ज्या नक्षत्रावर आपल्या घरी यावी असे शास्त्र सांगते, त्याच नक्षत्रावर जन्मलेली मुलगी दारात आली की उंबरठा आडवा येतो. वटपौर्णिमेचा चंद्रही ज्येष्ठात असतो किंवा त्याच्या आगेमागे, कित्येकदा तो पौर्णिमेच्या रात्रीच मूळ नक्षत्रात शिरतो. त्या दिवशी आपण जिची कथा ऐकतो त्या सावित्रीने यमाकडे पहिला वर मागितला तो आंधळ्या सासऱ्याच्या दृष्टीसाठी. त्याचे गेलेले राज्यही तिने मागून घेतले. सून सासऱ्याचे काय करू शकते याचे हे आपल्या परंपरेतले उदाहरण. ते आपण वर्षातून एकदा वडाला दोरा गुंडाळून विसरतो. दक्षिणेत तर हनुमंताचे जन्मनक्षत्रच मूळ मानतात. त्याच्या मुळावर येण्याची भीती रावणाखेरीज कोणाला वाटल्याचे ऐकिवात नाही.

यावर काही समंजस माणसे म्हणतात, "अहो, शांती करून टाकायची. भटजींना दक्षिणा, चार माणसांना जेवण, सगळ्यांचे समाधान. बिघडले कोठे?" हा युक्तिवाद वरवर सौम्य वाटतो म्हणून त्याचा विचार नीट केला पाहिजे. जन्मानंतर पुन्हा तेच नक्षत्र येते, तेव्हा ही शांती करतात. त्या अथर्वसूक्ताचा भाव मनात ठेवून, बाळाला आयुष्य लाभो म्हणून कोणी देवापुढे हात जोडले तर त्याला हसण्याचा मला अधिकार नाही. परंतु काही घरांत शांती होईपर्यंत बापाने बाळाचे तोंड पाहायचे नसते. बाळंतिणीच्या उशाशी बसून बापाने ज्या दिवसांत लेकीला मांडीवर घ्यायचे, ते दिवस तो शेजारच्या खोलीत काढतो. आणि शांती केल्याने प्रश्न सुटतो म्हणावे, तर वीस वर्षांनी लग्नाच्या वेळी पत्रिकेतले नक्षत्र तसेच असते. शांतीचा दाखला तेथे कोणी मागत नाही. घाबरलेल्या बापाला मग जन्मवेळ दोन तास पुढेमागे करण्याचा मोह होतो. ज्या लग्नाचा आरंभ अशा खोट्याने होतो, तेथे बिघडले नाही असे कसे म्हणावे?

दुसरा एक वर्ग अलीकडे दिसू लागला आहे. त्याला नक्षत्राची भीती वाटत नाही, गर्व वाटतो. आपल्या आकाशगंगेचे केंद्र मूळ नक्षत्राच्याच विभागात आहे, म्हणून पूर्वजांनी त्याला 'मूळ' म्हटले, त्यांना सर्व ठाऊक होते, असे हा वर्ग सांगतो. यातला पहिला भाग खरा आहे. केंद्र त्याच दिशेला, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर तेथे आहे. त्या संशोधनासाठी राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १२ मे २०२२ रोजी त्याची प्रतिमा जगाने पाहिली. पण धुळीच्या ढगांआड असलेले हे केंद्र डोळ्यांना दिसत नाही. ते शोधायला रेडिओ आणि अवरक्त दुर्बिणी लागल्या. मूलबर्हणी या नावाचा अर्थ मूळ उपटणारी असा आहे, विश्वाचे केंद्र असा नाही. लोकमान्यांनी 'ओरायन' या १८९३ सालच्या ग्रंथात या नावाची वेगळी उपपत्ती सुचवली. वसंतसंपात मृगशीर्षात होता त्या काळी समोरचे मूळ नक्षत्र सायंकाळी उगवून वर्षारंभ दाखवी, म्हणून ते 'मूळ'. ती पटो वा न पटो, तिच्यामागे गणित आहे, वाद घालायला जागा आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली मराठीत 'भारतीय ज्योतिषशास्त्र' लिहिले, त्यातही हीच वृत्ती आहे: आधी मोजा, मग बोला. अशा माणसांचा अभिमान बाळगायचा, तर त्यांची रीत उचलली पाहिजे.

ती रीत उचलून आपल्या महाराष्ट्रात एक चाचणी झालीही. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. निम्म्या हुशार विद्यार्थ्यांच्या आणि निम्म्या मतिमंद मुलांच्या. पत्रिका पाहून कोणती कोणाची ते ज्योतिषांनी ओळखायचे होते. ज्या ज्योतिषांनी उत्तरे पाठवली त्यांची संख्या नेमकी २७ होती. त्यांचे यश नाणेफेकीहून सरस ठरले नाही. जी पत्रिका मुलाची स्वतःची बुद्धी सांगू शकत नाही, ती त्याच्या भावी सासऱ्याचे आयुष्य सांगते यावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

२०१३ साली आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या लांबलचक नावात 'समूळ उच्चाटन' हे शब्द आहेत. पण पत्रिका पाहून मुलगी नाकारणे हा त्या कायद्याने गुन्हा नाही, आणि कोणी कोणाशी लग्न करावे हे कायद्याने ठरवताही येणार नाही. हे काम घरातच व्हायचे आहे, आणि घरातले विवाहेच्छू म्हणजे आपणच. आपल्यापैकी बहुतेकांची लग्ने येत्या पाचसात वर्षांत ठरतील. निबंधस्पर्धेत विवेकावर बक्षीस मिळवणारे आमचे मित्र त्या वेळी 'घरच्यांचे मन मोडवत नाही' म्हणून पत्रिकेआड उभे राहणार की काय, ही मला खरी चिंता आहे. मुलीने नाही म्हटले तर ती उद्धट ठरते. मुलग्याने एवढेच म्हणायचे आहे, की 'पत्रिका पाहायची नाही'. तीन शब्दांचे हे वाक्य आहे. वडिलांपुढे ते उच्चारायला धैर्य लागते हे मला ठाऊक आहे. पण वडिलांच्या जिवाची काळजी खरोखरच असेल, तर त्यांना वर्षातून एकदा दवाखान्यात नेऊन तपासून आणावे. सुनेच्या नक्षत्रापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

प्राध्यापकवर्गालाही एक विनंती आहे. वेदवाङ्मयाचा इतिहास आपण आम्हाला शिकवता. त्यात अथर्ववेदातले हे सूक्त एकदा वर्गात वाचावे. परंपरा म्हणजे भीतीच, असे समजून आमच्यातले काहीजण ती सगळीच टाकून देतात, आणि काहीजण भीतीलाच परंपरा म्हणून डोक्यावर घेतात. दोघांनाही मूळ वाचायला मिळालेले नसते. बाळाला पोटाशी धरून त्याच्यासाठी शंभर वर्षे मागणारे ते अनाम आईबाप दोघांनाही भेटले पाहिजेत.

माझ्या मैत्रिणीच्या हाती सध्या एम. ए. चे प्रवेशपत्र आहे. विषय तिने संस्कृत घेतला आहे. तिच्या लग्नाचे काय व्हायचे ते होईल. तिला नाकारणाऱ्या घरातल्या अण्णांना उदंड आयुष्य लाभो. पण उद्या ते यथाकाल गेले, तर दोष देण्यासाठी त्या घराला दुसऱ्या कोणाची तरी मुलगी शोधावी लागेल. ती आपली बहीण असेल, वर्गमैत्रीण असेल, कदाचित पुढे आपली लेक असेल. तिच्या मुळावर तेव्हा नक्षत्र उठलेले नसेल.